तीन फायली, एकच भट्टी

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची ऐंशी कामगारांची फाउंड्री आहे. क्वालिटीचं आयएसओ ९००१ आधीपासून होतं. गिऱ्हाइकाने आग्रह धरला म्हणून पर्यावरणाचं १४००१ आणि कामगारांच्या सुरक्षिततेचं ४५००१ घेतलं. आता तीन मॅन्युअल, तीन इंटर्नल ऑडिट आणि तीन मॅनेजमेंट रिव्ह्यू झालेत. मालक म्हणतात, सगळं एकत्र करून टाका. एक कन्सल्टंट तयार मॅन्युअल देतोय, ते घ्यावं का? आणि ताई, एकात चूक निघाली तर तिन्ही सर्टिफिकेटं जातात का?
– क्वालिटी इन्चार्ज, कोल्हापूर

उत्तर : तयार मॅन्युअल घेऊ नका. त्यात तिन्ही फायली एका पुठ्ठ्यात येतात, पण तुमच्या भट्टीवर काहीच बदलत नाही.

मी फाउंड्रीच्या लॅबमध्ये लागले आणि पुढे बावीस वर्षं तिथेच काढली. भंगार आलं की माझी लॅब त्याचे रासायनिक घटक बघायची. ओलं किंवा बंद तोंडाचं भंगार भट्टीत घालू नये, ही सूचना सेफ्टीच्या फायलीत होती. एका पावसाळ्यात रात्रपाळीला दोन्ही टोकं चेपलेला पाइपचा तुकडा भट्टीत घालायच्या मालात (चार्जमध्ये) गेला. आतल्या पाण्याची क्षणात वाफ झाली, वितळलेला धातू उडाला आणि एका हेल्परचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत लॅबची आणि सेफ्टीची अशा दोन्ही फायली व्यवस्थित भरलेल्या निघाल्या. ‘भंगार ओके’ या शेऱ्याखाली सही माझी होती. पाइप माझ्या माणसाच्या डोळ्यांसमोरून गेला होता, पण त्याच्या फॉरमॅटमध्ये तो प्रश्नच नव्हता.

म्हणून सुरुवात भंगार यार्डापासून करा. जस्त चढवलेल्या पत्र्याचं उदाहरण घ्या. तो इंडक्शन भट्टीत गेला की जस्ताचा पांढरा धूर निघतो. भट्टीवाल्याला त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. तोच धूर छपराबाहेर गेला की प्रदूषण मंडळाच्या अटींचा प्रश्न येतो. शिवाय जस्ताची वाफ भट्टीच्या आतल्या अस्तरात, म्हणजे लायनिंगमध्ये, शिरून त्याचं आयुष्य कमी करते. पत्रा एकच आहे आणि आज त्याची नोंद तुम्ही तीन ठिकाणी करता, किंवा कुठेच करत नाही. यार्डात एकच शीट ठेवा : ओलं आहे का, बंद तोंडाचं आहे का, जस्त चढवलंय का, तेलकट आहे का, घटक बरोबर आहेत का. ती यार्डातल्याच माणसाने भरायची आणि गाडी परत पाठवायचा अधिकारही त्यालाच द्यायचा.

कागदांचं काम त्यामानाने सोपं आहे. ९००१ आणि १४००१ यांच्या २०१५ च्या आवृत्त्या आणि २०१८ चं ४५००१ एकाच साच्यातली आहेत. कागदपत्रं तिन्हींत कलम ७.५ मध्ये, इंटर्नल ऑडिट ९.२ मध्ये, मॅनेजमेंट रिव्ह्यू ९.३ मध्ये. या तिन्ही गोष्टींची प्रत्येकी एकच कार्यपद्धती चालते. २०१५ पासून ९००१ ला क्वालिटी मॅन्युअलची सक्तीही राहिलेली नाही. रिव्ह्यूची बैठक एकच घ्या, पण गिऱ्हाइकाच्या तक्रारींवरच दोन तास जाऊ देऊ नका. मी अपघाताचा विषय पहिला ठेवायची.

दोन गोष्टी मात्र एकत्र करू नका. ब्लोहोल (कास्टिंगमध्ये राहिलेली हवेची पोकळी) आणि भाजणं यांना एकाच तक्त्यात धोक्याचे गुण देऊ नका. ब्लोहोल रोज होतात, म्हणून ते वर चढतात आणि लॅडलचा, म्हणजे वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्याचा, धोका खाली जातो. दुसरं, ४५००१ चं ५.४ कलम : कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग. बाकीच्या दोन मानकांत असं स्वतंत्र कलम नाही, त्यामुळे फायली एकत्र करताना आधी तेच गळतं. ते जपा. पाइपबद्दल भट्टीवाल्यांना कुणी आधी विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं.

आता सर्टिफिकेटांबद्दल. ती तिन्ही स्वतंत्रच राहतात. एखादं निलंबित झालं तर सर्टिफिकेट देणारी संस्था त्याचा बाकीच्यांवर परिणाम होतो का ते तपासते, आपोआप तिन्ही जात नाहीत. एकत्रित ऑडिटला दिवस कमी लागतात, पण ही कपात जास्तीत जास्त २० टक्के असते आणि व्यवस्था खरोखर किती एकजीव आहे ते बघून मिळते. कन्सल्टंट निम्म्या खर्चाचं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

यार्डाची शीट महिनाभर चालवा, मग फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथे, जा. तिथेही एकाच ग्राइंडरवर धूळ, आवाज आणि जादा घासून वाया गेलेलं कास्टिंग सापडेल. मधल्या काळात शीट भरणाऱ्याला कुठला प्रश्न अडतो, ते त्याच्याच शब्दांत मला लिहून पाठवा.