घटी, पळे आणि घड्याळाची वेळ

सदाशिव पेठेतील एका वाचकांनी विचारले आहे की, आजोबांच्या जन्मटिपणात ‘सूर्योदयात् गत घटी १७ पळे ३५’ असे लिहिले आहे. तर घटी म्हणजेच घटका का, आणि घड्याळाप्रमाणे ही वेळ कोणती?

होय, दोन्ही शब्द एकच. संस्कृत ‘घटिका’ या शब्दापासून बोलण्यात ‘घटका’ रुळली आणि पंचांगात ‘घटी’ राहिली. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडत आणि ते भरून बुडाले की एक घटका झाली असे धरत. ‘घटका भरणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ६० घटका, घटकेची ६० पळे आणि पळाची ६० विपळे असे हे कोष्टक आहे. त्यामुळे घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ सेकंदाच्या दोन पंचमांशाएवढे होते. दोन घटकांचा मुहूर्त, साडेसात घटकांचा प्रहर.

आज ‘पळभर’ आणि ‘क्षणभर’ आपण एकाच अर्थाने वापरतो, किंबहुना क्षण अधिक लहान मानतो. अमरकोशात मात्र १२ क्षणांचा एक मुहूर्त सांगितला आहे, म्हणजे क्षण चार मिनिटांचा, दहा पळांएवढा ठरतो. जुना मजकूर वाचताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

आता टिपणातील वेळ. घटी-पळे आणि तास-मिनिटे या दोन्ही जोड्यांत लहान एकक मोठ्याचा साठावा भाग असल्यामुळे दोन्ही आकड्यांना एकच गुणक लागू पडतो: दोनने गुणावे आणि पाचाने भागावे. १७ घटी ३५ पळे यांची दुप्पट ३५ घटी १० पळे. तिला पाचाने भागले की सरळ ७ तास २ मिनिटे मिळतात. उलट जायचे असेल, तर तास-मिनिटांची अडीचपट करावी. ही रीत मला फार देखणी वाटते, कारण तिच्यात वेगळे रूपांतर करावेच लागत नाही.

हे ७ तास २ मिनिटे सूर्योदयापासून मोजलेले आहेत. त्या दिवशीचा पुण्याचा सूर्योदय भारतीय प्रमाणवेळेने सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी असेल, तर जन्म दुपारी १ वाजून ४२ मिनिटांचा. सूर्योदय मात्र जन्मगावाचाच घ्यावा. विषुवदिनाच्या सुमारास नागपूरला पुण्यापेक्षा सुमारे २१ मिनिटे आधी उजाडते, म्हणजे तिथला सूर्योदय धरल्यास जवळजवळ एका घटकेचा फरक पडेल.

टिपणाची नक्कल करताना ‘१७.३५’ असे दशांश चिन्ह देऊन लिहू नये. कोणी त्याला २४ ने गुणले, तर ४२२ मिनिटांऐवजी ४१६ मिनिटे आणि २४ सेकंद येतात, आणि लग्नराशीच्या (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेल्या राशीच्या) सीमेजवळ एवढा फरकही पत्रिका बदलायला पुरतो. ‘घटी १७, पळे ३५’ असे दोन्ही एककांची नावे घालून लिहावे.