अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मेन रोल : वाचक विचारतात

या वेळी टपालात अन् व्हॉट्सॲपवर मिस मार्पलच मिस मार्पल. मागच्या अंकात उन्हाळ्यात बघायच्या जुन्या सिरियलींमध्ये बीबीसीच्या 'मिस मार्पल'चं, म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांतल्या म्हाताऱ्या डिटेक्टिव्ह बाईच्या सिरियलचं, नाव एका ओळीत टाकलं होतं, आणि नागपुरात मे महिन्यात भर दुपारी कूलरसमोरून उठायची हिंमत कोणाची आहे, त्यामुळे बऱ्याच जणांनी ती खरंच पाहिलेली दिसते. तर आज सगळे प्रश्न त्याच बाईचे.

प्रश्न (मानेवाडा) : ताई, मी अन् मुलीनं मिळून पाहायला सुरुवात केली. ती म्हातारी काही म्हणजे काही करत नाही, नुसती विणत बसते, तरी नजर तिच्यावरून हटत नाही. कोण आहे ही? आधी मोठी हिरॉईन होती का? तरुणपणीचे फोटो काहून सापडत नाहीत?

उत्तर : जोन हिक्सन. आणि हिरॉईन? नाही हो, कधीच नाही. म्हणून तर मजा आहे.

जन्म १९०६ चा, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनजवळच्या किंग्जथॉर्पचा. लंडनच्या राडा या नाट्यशाळेत शिकली, १९२७ पासून स्टेजवर, १९३० च्या दशकापासून सिनेमात. आणि मग पुढची पन्नास वर्षं काय, तर घरमालकीण, मोलकरीण, नर्स, कोणाची आई, कोणाची सासू, शेजारीण. पोस्टरवर नाव शोधायचं तर चष्मा लावावा लागेल असं. १९५० चा 'सेव्हन डेज टू नून' बघा, त्यात एक शास्त्रज्ञ अणुबॉम्ब घेऊन गायब होतो, सगळं लंडन त्याच्या मागावर, आणि तो भाड्याची खोली घेतो ती नेमकी हिच्याकडे, घरात मांजरीच मांजरी. सिनेमा त्या शास्त्रज्ञाचा आहे पण मला विचाराल तर लक्षात राहते ती घरमालकीणच. मग ते 'कॅरी ऑन' नावाचे धमाल विनोदी सिनेमे आले, त्यात कुठं हॉस्पिटलातली सिस्टर, कुठं पोलीस चौकीत आणलेली, झिंगलेली पण बोलण्यात एकदम खानदानी अशी बाई. दोन-चार मिनिटांचं काम, करायचं अन् घरी जायचं. घरी डॉक्टर नवरा, दोन मुलं, एसेक्समधलं विव्हनहो नावाचं छोटंसं गाव, शेवटपर्यंत तिथंच राहिली. तरुणपणीचे फोटो कमी दिसतात ते यामुळं, मासिकाच्या कव्हरवर छापावं असं तेव्हा कोणाला वाटलंच नाही.

१९८१ मध्ये बीबीसीनं डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये तिला मिस हॅविशॅम दिली, ती लग्नाच्या दिवशी फसवली गेलेली आणि आयुष्यभर त्याच लग्नाच्या ड्रेसमध्ये बसलेली बाई. आणि १९८४ च्या डिसेंबरात आली मिस मार्पल. तेव्हा हिक्सनबाई ७८ वर्षांच्या होत्या! आपल्याकडं त्या वयात लोक नातवाच्या मुंजीचा हिशेब बघत बसतात. तिथून १९९२ पर्यंत मार्पलच्या बाराच्या बारा कादंबऱ्या तिनं केल्या, एकही सोडली नाही, शेवटची केली तेव्हा ८६. मधे १९८७ मध्ये ओबीई हा ब्रिटिश किताबही मिळाला. १९९८ मध्ये गेली.

आता तुम्ही म्हणता ना ती काही करत नाही, हे अर्धं खरं आहे. ती ऐकते. पुढच्या वेळी सिरियलमधल्या पोलिसाचा, इन्स्पेक्टर स्लॅकचा सीन असला की मुद्दाम त्याच्याकडं न बघता हिच्याकडं बघा. तो बिचारा कायम घाईत, ही म्हातारी कशाला मधे मधे करते असा चेहरा, तोंडाचा पट्टा चालू. ही हात पर्सवर ठेवून बसलेली, मान जराशी कलती, ओठांवर ते सोज्वळ हसू, आणि डोळे? डोळे अजिबात हसत नाहीत. निळे, थंड, चाकूसारखे. तो एखादं वाक्य बोलतो अन् तिची पापणी जराशी हलते, बास, आपल्याला कळतं की इथं काहीतरी अडकलंय. संवाद काहीच नाही. मला वाटतं हे तिला त्या पन्नास वर्षांनीच शिकवलं असणार. दुसऱ्याच्या मोठमोठ्या संवादात मागे ट्रे घेऊन उभं राहायचं, आणि तरी जिवंत दिसायचं, हे ज्याला जमलं त्याला सगळं जमलं.

आणि मार्पलची गुन्हा शोधायची पद्धत तर आपल्या महालातल्या वाड्यातल्या आज्ज्यांचीच. हा माणूस ना, अगदी आमच्या गावातल्या अमुकसारखा वागला, त्यानंही असंच केलं होतं. एवढ्यावर खुनी पकडते. लंडनचे पोलीस, ते स्कॉटलंड यार्ड, गेलं उडत.

प्रश्न (महाल) : कुठंतरी वाचलं की अगाथा ख्रिस्तीनं स्वतः हिला चिठ्ठी लिहिली होती. हे खरं का, की अशीच बनवलेली गोष्ट? आणि आमच्या बाबांना मार्गारेट रुदरफोर्डची मार्पल आवडते, त्यांच्या मते तीच खरी.

उत्तर : खरी आहे हो. १९४५ मध्ये ख्रिस्तीचं 'अपॉइंटमेंट विथ डेथ' हे नाटक लंडनला लागलं, तिनंच स्वतःच्या कादंबरीवरून लिहिलेलं (गंमत म्हणजे कादंबरीतल्या पॉयरोला, तिच्या दुसऱ्या प्रसिद्ध डिटेक्टिव्हला, नाटकातून तिनंच काढून टाकलं). त्यात हिक्सनला छोटीशी भूमिका होती. ती बघून ख्रिस्तीनं चिठ्ठी पाठवली, की एक दिवस माझी मिस मार्पल तुम्ही कराल अशी आशा आहे. आता हिक्सनचं वय तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर! एखाद्या चाळिशीतल्या बाईला कोणी असं म्हटलं तर आपल्याकडं चार दिवस बोलणं बंद झालं असतं. पण लेखिकेला जे दिसलं ते दिसलं. आणि प्रत्यक्षात यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, तोवर ख्रिस्तीबाई १९७६ मध्येच गेल्या होत्या. त्यांनी ते पाहिलंच नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

बाबांना माझा नमस्कार सांगा पण मी त्यांच्या पार्टीत नाही. रुदरफोर्डबाई जबरदस्त नटी, शंकाच नाही, 'द व्हीआयपीज'साठी ऑस्करसुद्धा मिळालं. पण १९६१ ते ६४ मधल्या त्यांच्या चार सिनेमांतली मार्पल घोड्यावर बसते, तलवारबाजी करते, हनुवटी हलवत सगळ्यांना दटावते, आणि सोबत मिस्टर स्ट्रिंगर नावाचा मदतनीस, जो पुस्तकात कुठंच नाही, तो त्यांचा खराखुरा नवरा! धमाल येते, मी पण पोट धरून हसते. फक्त ती ख्रिस्तीची म्हातारी नाही. ख्रिस्तीलाही ते सिनेमे फारसे पटले नव्हते, पण बाई दिलदार, १९६२ ची 'द मिरर क्रॅक्ड' ही कादंबरी तिनं रुदरफोर्डलाच अर्पण केली.

आता खरी गंमत ऐका. रुदरफोर्डचा पहिला सिनेमा 'मर्डर, शी सेड', म्हंजे ख्रिस्तीच्या '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' या मार्पल-कादंबरीचीच गोष्ट. त्यात ज्या घरात भानगड असते तिथं कामाला येणारी एक मिसेस किडर आहे. ती कोण? आपली जोन हिक्सन. आणि १९८७ मध्ये बीबीसीनं तीच गोष्ट केली तेव्हा हिक्सन मार्पल. त्याच गोष्टीत कामवालीपासून डिटेक्टिव्हपर्यंत यायला सव्वीस वर्षं.

प्रश्न (धरमपेठ) : नमस्कार ताई. मी हौशी नाटकात काम करते, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत पण असते. वय ५७. दरवेळी आई, मावशी, नाहीतर चहा आणून देणारी काकू. घरचे म्हणतात एवढ्याशा कामासाठी महिनाभर रात्री तालमीला काहून जातेस. या बाईला वाईट वाटत नसेल का हो? स्टेजवर तरी तिला मोठं काम मिळालं का?

उत्तर : काकू, तिच्या मनातलं मी कसं सांगू. कामाचं सांगते.

१९६७ मध्ये ग्लासगोच्या सिटिझन्स थिएटरमध्ये पीटर निकोल्सचं 'अ डे इन द डेथ ऑफ जो एग' आलं. एक शिक्षक आणि त्याची बायको, त्यांची मुलगी गंभीर अपंग, आणि ते दोघं दुःख सहन व्हावं म्हणून सतत विनोद करतात. हिक्सन त्या शिक्षकाची आई झाली होती. येते ती उशिरा, स्वेटर विणणारी, पोराला गोंजारणारी, आणि नकळत सुनेला डंख मारणारी. हलकीशी भूमिका वाटते पण ती आल्यावर कळतं हा मुलगा असा का झाला. १९७२ च्या सिनेमातही तीच होती.

मग १९७७, लंडनचं नॅशनल थिएटर, ॲलन एकबर्नचं 'बेडरूम फार्स'. स्टेजवर एकाच वेळी तीन बेडरूम, तीन जोडपी, आणि एक भांडकुदळ चौथं जोडपं सगळ्यांची रात्र खराब करत फिरतं. त्या भांडकुदळ नवऱ्याचे म्हातारे आईबाप म्हणजे हिक्सन आणि मायकल गॉफ. दोघं लग्नाच्या वाढदिवसाला बाहेर जेवायला जातात, जेवण काही धड मिळत नाही, मग घरी येऊन पलंगावर बसून टोस्टवर मासे घालून खातात. बास एवढंच. बाकी घरांत संसार मोडायला आलेत आणि हे दोघं पांघरुणात पाय घालून अत्यंत गंभीरपणे मासे खाताहेत. लोकांना हसवायचा जराही प्रयत्न नाही म्हणूनच तो सीन हसवतो, नाटक वाचतानासुद्धा. हेच नाटक ब्रॉडवेला गेलं आणि १९७९ चा टोनी पुरस्कार दोघांनाही मिळाला, सहाय्यक भूमिकेचा. हिक्सन तेव्हा ७२ ची. म्हणजे स्टेजवर 'मोठं' काम मिळालं का, तर तुमच्या घरच्यांच्या हिशेबानं नाही. अमेरिकेतला सगळ्यात मोठा नाट्यपुरस्कार मात्र मिळाला.

तुमच्यासाठी एक-दोन गोष्टी, मागितल्या नाहीत तरी सांगते. चहा आणायचा असेल तर विंगेत उभं असतानाच ठरवा की आत स्वयंपाकघरात काय चाललं होतं, दूध उतू गेलं की बाहेरचं भांडण कान देऊन ऐकत होतात. कप खरा भरून आणा, रिकामा कप हातात कसा हलका हलका नाचतो ते शेवटच्या रांगेला पण दिसतं. आणि दुसऱ्याचा संवाद चालू असताना प्रेक्षकांत आपले कोण आलेत ते बघायचं नाही, हा रोग आपल्याकडं फार आहे, मी भल्याभल्यांना पाहिलंय. परीक्षकांचं लक्ष असतं बरं, स्पर्धेत अभिनयाची प्रमाणपत्रं काही फक्त मेन रोललाच मिळत नाहीत. आणि घरच्यांना म्हणावं, महिनाभर रात्रीचं गरम करून जेवा, काही होत नाही.

प्रश्न (खामला) : आपल्याकडं अशी कोणी?

उत्तर : चटकन आठवतात त्या ललिता पवार, पण त्यांचा प्रवास एकदम उलटा. मूकपटात लहानपणीच आल्या, मग हिरॉईन झाल्या, आणि १९४२ मध्ये शूटिंगला थोबाडीत मारायचा सीन होता तो इतका जोरात बसला की चेहऱ्याला लकवा, डावा डोळा कायमचा बारीक झाला. हिरॉईनचं करिअर तिथंच संपलं. मग सासवा, मावश्या, 'अनाड़ी'तली ती वरून कडक आतून मऊ मिसेस डीसा, आणि १९८७ मध्ये घराघरातली मंथरा. हिक्सनकडं मेन रोल शेवटी आला, ललिताबाईंच्या हातून तो तरुणपणीच गेला. पण दुसऱ्याच्या सीनमध्ये बाजूला उभं राहून सीन खिशात घालणं, त्यात दोघी सारख्याच.

प्रश्न (प्रतापनगर) : सुरुवात कुठून करू? इंग्रजी बेताचंच आहे.

उत्तर : सबटायटल लावा, सावकाश बोलतात सगळे, जमेल. पहिला 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' बघा, १९८५ चा. गावच्या पेपरात जाहिरात येते की अमुक घरी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला खून होईल, आणि शेजारीपाजारी नटूनथटून बघायला जातात! त्यानंतर रुदरफोर्डचा 'मर्डर, शी सेड' आणि हिक्सनचा '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' लागोपाठ लावा, वर सांगितलेली मिसेस किडर शोधा. फक्त खून कोणी केला ते मला पत्रात लिहू नका, हिक्सनचंच 'नेमेसिस' मी दिवाळीसाठी राखून ठेवलंय.