फ्लोरेन्समध्ये आजारपण : व्हेनिसला जावे की थांबावे?

नमस्कार. तुमच्या प्रश्नावरून परिस्थिती अशी दिसते : रोमहून फ्लोरेन्सला आल्यावर पत्नीला उलट्या, जुलाब आणि १०१ अंश ताप सुरू झाला आहे. तुमचे हॉटेल दुओमो, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चजवळ आहे. परवा सकाळी व्हेनिसची गाडी आहे, तिथे दोन रात्रींचे पैसे परत न मिळणारे आरक्षण आहे आणि त्यानंतर व्हेनिसहूनच मुंबईचे विमान आहे. डॉक्टर कुठे गाठायचा, विम्याचे काय करायचे, व्हेनिस सोडायचे का आणि उद्याचे उफ्फिझी या चित्रसंग्रहालयाचे तिकीट वापरायचे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. व्हेनिसचे उत्तर आधी देते, कारण ते ठरले की बाकीच्या गोष्टी आपोआप सोप्या होतात : परवा व्हेनिसला जाऊ नका. फ्लोरेन्समध्येच थांबा, आणि गरज पडली तर विमानाच्या दिवशी इथूनच थेट विमानतळ गाठा.

व्हेनिसमध्ये उपचार मिळत नाहीत असे अजिबात नाही. तिथले मुख्य रुग्णालय तर स्कुओला ग्रांदे दी सान मार्को या जुन्या वास्तूत आहे आणि रुग्णवाहिका म्हणून तिथे मोटरबोटी धावतात. अडचण रुग्णाला हलवण्याची आहे. सांता लुचिया स्थानकाबाहेर पडले की समोर कालवा असतो, टॅक्सी हॉटेलच्या दारापर्यंत जात नाही, वापोरेत्तोत, म्हणजे तिथल्या प्रवासी बोटीत, बहुतेक वेळा उभे राहावे लागते आणि पुलांना पायऱ्या असतात. उलट्यांनी गळून गेलेल्या माणसाला सामानासह त्या पुलांवरून नेणे म्हणजे सुधारणारी प्रकृती पुन्हा बिघडवणे. शिवाय ओळखीची झालेली खोली, खालचे औषधांचे दुकान आणि नावाने ओळखणारा स्वागतकक्षातील माणूस, हे सगळे सोडून नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल ती वेगळीच.

आता व्यवहाराची बाजू. फ्लोरेन्सच्या हॉटेलला आजच विचारा, कारण खोली पुढे दुसऱ्या कुणाला दिलेली असेल तर ती बदलण्यासाठी त्यांना वेळ मिळतो. व्हेनिसच्या हॉटेलला लगेच ईमेल पाठवून आजारपण कळवा, तारीख पुढे ढकलता येईल का ते विचारा आणि पहिल्या रात्री येणार नसलो तरी दुसरी रात्र रद्द करू नये, असे स्पष्ट लिहा, कारण पाहुणा पहिल्या रात्री न कळवता आला नाही तर अनेक हॉटेले संपूर्ण आरक्षणच काढून टाकतात. रेल्वेचे तिकीट कोणत्या भाड्याचे आहे ते पाहा. ट्रेनइतालिया या इटालियन रेल्वे कंपनीचे ‘बेस’ तिकीट गाडी सुटण्यापूर्वी बदलता येते आणि काही वजावट करून पैसेही परत मिळतात. ‘सुपर इकॉनॉमी’ असेल तर ते बुडाले असे समजा आणि त्यासाठी जिवाला लावून घेऊ नका. विमानाच्या दिवशी फ्लोरेन्सहून वेगवान गाडीने साधारण दोन तासांत व्हेनेत्सिया मेस्त्रे हे व्हेनिसच्या अलीकडचे, मुख्य भूमीवरचे स्थानक येते आणि तिथून विमानतळाची बस मिळते, म्हणजे व्हेनिस शहरात पाऊलही न ठेवता विमान गाठता येते. विमान सकाळचे असेल तर आदल्या संध्याकाळी मेस्त्रेलाच, स्थानकाजवळ, मुक्काम करा. मात्र व्हेनिसहून निघणारा टप्पा सोडून मधल्याच विमानतळावर विमान पकडू, असा विचार विमान कंपनीशी बोलल्याशिवाय करू नका, कारण एक टप्पा न वापरता सोडला की पुढचे सगळे तिकीट रद्द होते.

प्रकृतीबद्दल सांगताना मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवा. उलटी आणि जुलाबात पहिले काम पाणी आणि क्षार भरून काढण्याचे असते. तुमच्या सामानात इलेक्ट्रालच्या पुड्या असतील तर त्या वापरा, नसतील तर औषधांच्या दुकानात जलसंजीवनीच्या पुड्या मागा. पेला भरून एकदम प्यायला देऊ नका. चमचा-चमचा, दर काही मिनिटांनी, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, असे करत राहा. ताप असताना जुलाब एकदम थांबवणारी गोळी डॉक्टरांना न विचारता देऊ नका. शौचातून रक्त पडणे, काही तास पाण्याचा घोटही पोटात न टिकणे, लघवी जवळजवळ बंद होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, बोलण्यात असंबद्धता, मान ताठरणे किंवा पोटाच्या उजव्या खालच्या भागात वाढत जाणारी वेदना, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. पत्नीला मधुमेह असेल किंवा गर्भारपणाची शक्यता असेल तर यातले काहीही नसले तरी आजच डॉक्टरांकडे जा. तुम्ही स्वतः साबण आणि पाण्याने वरचेवर हात धुवा. पोटाच्या या साथीचे नेहमीचे कारण असलेल्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, आणि दोघेही अंथरुणाला खिळलात तर सगळेच कठीण होईल.

इटलीत सौम्य आजारासाठी पहिले ठिकाण म्हणजे हिरव्या क्रॉसची पाटी असलेली ‘फार्माचिया’. तिथला फार्मासिस्ट लक्षणे नीट ऐकून घेतो, मध्य फ्लोरेन्समध्ये तर बहुधा इंग्रजीतही बोलतो, आणि डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असेल तर तसे स्पष्ट सांगतो. पॅरासिटामॉल तिथे ताकिपिरिना या नावाने सर्वांना माहीत आहे. दुकान बंद असेल तर दारावर त्या रात्री उघड्या असलेल्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो. प्रतिजैविके मात्र तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे पुण्याच्या आपल्या डॉक्टरांनी व्हॉट्सअॅपवर नाव कळवले तरी उपयोग होणार नाही. त्यांचा सल्ला जरूर घ्या, पण धीरासाठी आणि जुन्या आजारांच्या माहितीसाठी. हॉटेलवर येणारा खासगी डॉक्टर स्वागतकक्षातून किंवा विमा कंपनीच्या मदतकेंद्रातून मिळू शकतो, आणि तुमच्या बाबतीत मला तोच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. रात्री आठ ते सकाळी आठ, तसेच शनिवार-रविवारी, ‘ग्वार्दिया मेदिका’ ही सरकारी डॉक्टरसेवाही असते. हे सगळे तातडीचे नसलेल्या आजारासाठी. प्रकृती गंभीर वाटली तर सरळ ११२ लावा.

रुग्णालयात जावेच लागले तर तुम्ही योग्य जागी आहात. सांता मारिया नुओव्हा हे रुग्णालय दुओमोपासून पायी काही मिनिटांवर आहे. १२८८ साली फोल्को पोर्तिनारी या सावकाराने ते स्थापन केले, कवी दान्तेच्या काव्यातली त्याची प्रिया बेआत्रिचे ती याच फोल्कोची मुलगी असे मानले जाते, आणि ते आजही चालू आहे. दुओमोच्या चौकात मिझेरिकोर्दिया या सेवासंघाचे ठाणे दिसेल. हा संघ १२४४ सालापासून आजारी माणसांची ने-आण करत आला आहे, आणि आजही त्याचे स्वयंसेवक रुग्णवाहिका चालवतात. हे मुद्दाम सांगते, कारण परक्या शहरात आपण एकटे पडलो आहोत असे वाटू लागते, आणि आजारी वाटसरूला सांभाळण्याची या शहराची सवय किती जुनी आहे हे माहीत असले की ती भीती थोडी ओसरते.

तातडीच्या विभागाला तिथे ‘प्रोंतो सोक्कोर्सो’ म्हणतात. आत गेल्यावर परिचारिका आधी तपासते आणि निकडीप्रमाणे लाल, नारिंगी, निळा, हिरवा किंवा पांढरा असा क्रम देते. पुढची वाट त्या क्रमाने पाहायची असते, आल्याच्या क्रमाने नव्हे. माझ्या यजमानांना रोममध्ये न्यूमोनिया झाला होता तेव्हा आधी आलेली माणसे मागे राहिली आणि यांना आत नेले, आणि दुसऱ्या वेळी साध्या तपासणीसाठी गेलो तेव्हा बराच काळ बाकावर बसावे लागले. दोन्ही वेळा व्यवस्था एकच होती. सोबत पासपोर्ट, विम्याचे कागद, फोनचा चार्जर, पाणी आणि एक शाल ठेवा. चालू असलेली औषधे, अॅलर्जी आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ एका कागदावर इंग्रजीत लिहून ठेवा, औषधे ब्रँडच्या नावाने नव्हे तर घटकाच्या नावाने, कारण आपल्याकडचे ब्रँड तिथल्या डॉक्टरांना ठाऊक नसतात. बाहेरच्या देशातील प्रवाशाला तातडीची सेवा नाकारली जात नाही, पण ती फुकटही नसते, त्यामुळे निघण्यापूर्वी बिलाचे काय ते विचारून घ्या.

विम्याचे काम आजच सुरू करा. शेंगेन व्हिसासाठी तुम्ही घेतलेली पॉलिसी किमान ३०,००० युरोंची असणारच, तशी अटच आहे. पॉलिसीवर परदेशातील मदतकेंद्राचा क्रमांक असतो. तिथे फोन करून प्रकरणाची नोंद करा आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. दाखल व्हावे लागले तर कंपनी रुग्णालयाशी परस्पर बोलू शकते, पण बाहेरून दाखवण्याचा आणि औषधांचा खर्च बहुतेक वेळा आपण करून नंतर मागावा लागतो आणि त्यातून ठरावीक रक्कम वजा होते. डॉक्टरांकडून तीन गोष्टी घेतल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका : निदान लिहिलेले प्रमाणपत्र, औषधांची चिठ्ठी आणि पैसे मिळाल्याची पावती. प्रमाणपत्रावर रुग्ण अमुक तारखेपर्यंत प्रवास करण्यास योग्य नाही असे वाक्य असू द्या. व्हेनिसच्या हॉटेलचे आणि गाडीचे पैसे मिळण्याची शक्यता असलीच तर ती त्या एका वाक्यावर आणि पॉलिसीत सहल खंडित झाल्याची तरतूद आहे की नाही यावर अवलंबून आहे. खासगी डॉक्टरांच्या पावतीवर २ युरो जास्त लावलेले दिसले तर शंका घेऊ नका. ७७.४७ युरोंहून मोठ्या रकमेच्या अशा पावतीला तिथे मुद्रांक लावावा लागतो.

उलट्या थांबल्या की खाण्याचा प्रश्न येतो. कोणत्याही साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खाणावळीत, जाऊन ‘रीसो इन ब्यांको’ मागा. पोट बिघडलेल्या माणसाला इटालियन घरांतही हाच पांढरा भात देतात, त्यामुळे तो यादीत नसला तरी करून देतात. लोणी, तेल आणि चीज घालू नका असे सांगा, आणि तांदूळ जास्त शिजवायला सांगा, नाहीतर दाणा टचटचीत राहतो. बॅगेत मेतकूट असेल तर त्या भातावर ते आणि मीठ घालून द्या, माझ्या यजमानांनी चार घास खाल्ले ते त्यामुळेच. दूध, कापुचीनो आणि जेलातो दोन-चार दिवस नकोत.

उफ्फिझीबद्दल माझे मत कदाचित तुम्हाला अनपेक्षित वाटेल : पत्नीला पाणी टिकू लागले असेल, ताप उतरला असेल आणि त्या झोपल्या असतील तर तुम्ही जा. उशाशी फोन आणि पाणी ठेवा, स्वागतकक्षात सांगून ठेवा आणि दोन तासांत परत या. तसे नसेल तर मात्र तिकीट सोडा. तुम्ही लिहिले आहे की ‘माझ्यामुळे सगळे वाया गेले’ असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत आहेत आणि म्हणूनच परवा निघण्याचा हट्ट करत आहेत. तुम्ही दिवसभर खोलीत चिंताग्रस्त चेहऱ्याने बसून राहिलात तर ती बोच वाढेल. थोडे बाहेर जाऊन आलात आणि काय पाहिले ते सांगितलेत तर ती कमी होईल. तिथे ह्यूगो व्हान डर खूस या चित्रकाराचे पोर्तिनारी घराण्यासाठी काढलेले मोठे वेदीचित्र आहे ते नक्की पाहा. फोल्कोच्याच वंशजाने, तोम्मासोने, ते करवून घेतले आणि ते शतकानुशतके सांता मारिया नुओव्हाच्या चर्चमध्ये होते. घरी मात्र सर्वांना कळवू नका. दोन्ही आयांचे फोन सुरू झाले की विश्रांती संपते. एका समंजस भावाला किंवा बहिणीला सांगा आणि बाकीचे त्यांच्यावर सोपवा.

बरे वाटू लागल्यावर फ्लोरेन्समध्येच हळूहळू फिरण्यासारखे पुष्कळ आहे. दुओमोच्या घुमटाचे आरक्षण असेल तर ते सोडा, ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. त्याऐवजी सान मार्कोचा मठ पाहा. तिथल्या एकेका कोठडीत फ्रा अँजेलिको या चित्रकार साधूचे एकेक भित्तिचित्र आहे, जागा शांत आहे आणि अंतर थोडे आहे, फक्त तो दुपारी लवकर बंद होतो. तिथून जवळच सांतिस्सिमा अनुन्त्सियाता चौकात वास्तुकार ब्रुनेलेस्कीने उभारलेल्या अनाथालयाच्या पायऱ्यांवर सावलीत बसता येते.

शेवटी व्हिसा. मुक्काम लांबण्याची थोडी जरी शक्यता असली तरी व्हिसावरची शेवटची तारीख पाहून थांबू नका, परवानगीच्या दिवसांचा आकडा पाहा, कारण खरी मर्यादा बहुधा तीच असते. ते दिवस संपण्यापूर्वी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन क्वेस्तूरा, म्हणजे पोलीस मुख्यालयाच्या परदेशी नागरिक विभागात अर्ज करावा लागतो. आजारपणामुळे प्रवास खरोखरच अशक्य झाला असेल तर मुदत वाढवून मिळते. विमानाआधी एखादा दिवस ताप आणि उलटी नसेल तर सहसा वेगळ्या कागदाची गरज पडत नाही. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर विमान कंपनीला आधी कळवून प्रवासयोग्यतेचा दाखला लागेल का ते विचारा. व्हिसावरील दिवसांचा आकडा, गाडीच्या भाड्याचा प्रकार आणि विमानाची वेळ इथे लिहिलीत तर पुढचे नेमके सांगता येईल. आज रात्री पाणी टिकते आहे का, तेवढे मात्र आधी कळवा.