पॉलिसी पिकेल तेव्हा मुलगी 29 वर्षांची असेल

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचं पत्र आलंय. वय 46, ओबीसी, घरात कमावते ते एकटेच, वर्षाचं उत्पन्न सरासरी 7 लाख. मुलीला जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल मिळतंय आणि पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर. पुण्याचा चार वर्षांचा खर्च 20 लाख, सगळा कर्जातून. कोणती ब्रँच घ्यावी, हा प्रश्न. शेवटी एक ओळ: 'मुलीच्या शिक्षणाची 8 लाखांची पॉलिसी आहेच. एजंट म्हणतो ती मोडून युलिप घ्या, चार वर्षांत दुप्पट.'

भाऊ, आधी या ओळीचं बघू.

दरसाल 48 हजारांचे 9 हप्ते, म्हणजे सव्वाचार लाखांहून जास्त गेले. पॉलिसी 20 वर्षांची. मुलगी आज 18 ची, पैसे हाती येतील तेव्हा 29 ची. नऊ वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठी 20 वर्षांची मुदत गळ्यात मारली, याचा मला राग येतो. शेवटी 17 लाख मिळाले तरी परतावा वर्षाला 5 टक्क्यांच्या जरासा वर.

युलिप म्हणजे विमा आणि शेअर बाजारातली गुंतवणूक एकत्र. त्यातून पहिली 5 वर्षं पैसे काढता येत नाहीत आणि डिग्री 4 वर्षांची! चार वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास 19 टक्के. शेअर बाजारावर चालणाऱ्या योजनेत अशी हमी कोणी देत असेल तर तो खोटं बोलतोय. सही करू नका.

त्याहून मोठी चूक विम्याची. तुमच्यामागे घरच्यांना 8 लाख आणि थोडा बोनस मिळेल. सोसायटीचं पीककर्ज फेडून दोन वर्षंही निघणार नाहीत. जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर तुम्ही ती पुन्हा उभी करता. तुम्हीच नसलात तर कोण करणार? 75 लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वयाच्या 62 पर्यंत घ्या. तब्येत ठीक असेल तर त्याचा हप्ता 48 हजारांच्या बराच आत बसेल. तंबाखू खात असाल तर अर्जात खरं लिहा, नाहीतर दावा अडकतो. नवा विमा हातात आल्यावरच जुन्याचे हप्ते थांबवा. त्याआधी शाखेतून सरेंडर (आज मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी), दोन्ही रकमा लेखी मागून घ्या.

आता ब्रँच. जळगाव घ्या. 20 लाखांचं कर्ज शिक्षण संपेपर्यंत व्याजासकट 27 लाखांच्या घरात जातं, दहा वर्षं महिन्याला 37 हजारांचा हप्ता. सॉफ्टवेअरमध्ये बहुतेकांची सुरुवात वर्षाला साडेतीन-चार लाखांवर होते. सगळा पगार हप्त्यात जाईल. इलेक्ट्रिकलवाल्यांना महावितरण, महापारेषण, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, रेल्वे, सौरऊर्जा हे रस्ते आहेतच, आणि सॉफ्टवेअर कंपन्याही त्यांना घेतात. प्रोग्रॅमिंग घरी बसून शिकता येतं, मशीन लॅब घरी मिळत नाही. मुलीला कॉम्प्युटरचीच ओढ असेल, तर तिने पहिल्या वर्षापासून कोडिंग सुरू करावं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाहीच. तुम्ही ओबीसी आहात आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत. 2024 पासून राज्यात अशा घरातल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. जळगावला तुमचा खर्च मुख्यतः होस्टेल आणि मेसचा उरतो. उत्पन्नाचा दाखला या आठवड्यातच सेतू केंद्रातून काढून घ्या.