संगिनीवरचे शिक्के आधी वाच

सोलापुरात भंगाराच्या दुकानात संगीन दिसली की लगेच भाव विचारू नकोस. मुठीजवळची पात्याची सपाट बाजू उजेडात धर. ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीच्या संगिनीवर तिथे बहुधा मुकुट, राजाची आद्याक्षरं आणि १९०७ असतं. नवखे इथेच फसतात: १९०७ हे नमुन्याचं वर्ष, बनावटीचं नव्हे. त्याखालचे बारीक आकडे बघ, '५ १७' म्हणजे मे १९१७. शेजारी कारखाना: विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन. आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) दिसलं तर ती आपल्या बंगालमधल्या इशापूरची, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते.

मूळ पातं १७ इंचांचं. पुढे भारतात ते १२ इंचांवर आणलं. कापून आखूड केलेल्या पात्यात सपाट बाजूवरची लांब खोबण पार टोकाजवळ जाते. नव्याने घडवलेल्या आखूड पात्यांत बहुधा खोबणच नसते. मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या पट्टीच्या टोकाचा वाकडा हूक १९१३ मध्ये बंद झाला, म्हणून हूकवाल्या महाग. हूक मागून जोडलेला तर नाही ना, हे कळायला तिथे वेल्डिंगचा डाग नीट शोध.

साफ करायला चिंच, पॉलिश पेपर अजिबात नको, शिक्के झिजतात. मऊ फडक्याने तेल पुरे. आणि शस्त्र नियमांच्या यादीत संगीन येते, तेव्हा घेण्याआधी पोलीस ठाण्यात परवान्याचं विचारून घे.