सिझरच्या जुन्या व्रणाच्या दुखण्यावर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का?

दुखण्यावर मला झाला. बधिरपणावर मला तरी झाला नाही. पण ताई, मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून: "घरचे म्हणतात नऊ वर्षं झाली, आता कसले टाके दुखतात?" हे वाक्य मी सांगलीत माझ्याच घरात इतक्यांदा ऐकलंय, की आधी त्याचं उत्तर देते, सुयांचं नंतर.

टाके दुखतच नाहीत, ते केव्हाच विरघळलेले असतात. दुखते ती नस. ओटीपोटावरचा आडवा छेद फॅनेनस्टील नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1900 साली मांडला, आज बहुतेक सिझर त्याच छेदातून होतात. कातडी, चरबी, स्नायूंवरचं जाड आवरण, पोटातला पडदा आणि मग गर्भाशय, एवढे थर उघडून परत मिटवतात. पोटाच्या भिंतीतल्या बारीक नसा छेदाच्या दोन्ही टोकांजवळून जातात. त्यातली एखादी कापली गेली की जागा बधिर होते. टाक्यात किंवा नंतर धरलेल्या घट्ट व्रणात सापडली, की वर्षानुवर्षं चमका मारते. मी शिवणकाम करते. ब्लाउज शिवताना अस्तर एका जागी वरच्या कापडात धरलं गेलं, तर बाहेरून शिलाई सुरेख दिसते आणि हात वर केला की काखेत ओढतं. हे तसंच आहे.

माझी मुलगी पायाळू. कळा सुरू झाल्यावरच मला दवाखान्यात नेलं होतं, तिथं तपासल्यावर पाय खाली आहेत असं कळलं आणि रात्रीच सिझर झालं. पायाळू बाळाला सिझर करायची रीत 2000 सालच्या टर्म ब्रीच ट्रायल या मोठ्या अभ्यासानंतर जगभर पक्की झाली, ती काही माझी हौस नव्हती. तरी बारशाला पाळण्यापाशी थोरल्या नणंदबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "हिला काय, झोपवलं आणि काढलं. कळा कुठं माहीत हिला!" मी झोपलेली नव्हते. भूल कमरेतून दिली होती. कापल्याचं दुखत नव्हतं, पण पोटात हात घालून ओढाताण चाललीय ते सगळं कळत होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली आहेत. नको तिथं सिझर होतात हे मलाही मान्य आहे, पण त्याचा जाब बाळंतिणीला विचारायचा नसतो.

पोरगी चालायला लागली तशी गल्लीतली माणसं उसण भरली की तिचा पाय लावून घ्यायला येऊ लागली. पुढं नणंदबाईही आल्या. सतरंजीवर पालथ्या पडल्या, पोरीला पाठीवर पाय द्यायला लावला आणि आराम वाटतोय म्हणाल्या. त्याचा मला राग नाही, आपल्याकडं घरोघरी चालतं. पण मी सुया टोचून घेणार म्हटल्यावर त्याच मला म्हणाल्या, "चायनाच्या मालावर कशाला पैसे घालवतेस? दुखणं मनाचं आहे." आपल्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढं ही विद्या शिकून कलकत्त्यात आणली. एवढं तरी ऐकून घ्यायचं होतं.

माझं दुखणं उजव्या कोपऱ्यात होतं. मशीनवर वाकून बसलं की तिथून मांडीच्या सांध्याकडं कळ जायची. परकराची नाडी घट्ट बांधता यायची नाही. सुयांच्या आधी मी मिरजेत एका सर्जनना दाखवलं, आणि तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. त्यांनी मला उताणं झोपवलं, व्रणाच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं आणि म्हणाले, "आता मान उचला." पोट कडक झालं आणि कळ दुप्पट झाली. याला कार्नेटची खूण म्हणतात. पोट आवळल्यावर आतले अवयव बोटापासून सुरक्षित होतात, तरी दुखणं वाढलं, म्हणजे ते पोटाच्या भिंतीतलं. माझे मिस्टर शेजारी उभे होते. "म्हणजे हिला खरंच दुखतंय," असं ते त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले.

सुया केसासारख्या बारीक असतात, साधारण पाव मिलिमीटर. व्रणाच्या दोन्ही अंगांनी तिरप्या टोचतात, शिवाय गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूला. टोचल्याचं फारसं कळत नाही, थोड्या वेळानं तिथं जडपणा येतो आणि तो पसरत जातो. वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. मला लगेच काही वाटलं नाही. हळूहळू कळ रोजची होती ती कामाचा ताण पडला की एवढीच राहिली. दिवाळीच्या गर्दीत सलग मशीनवर बसता आलं, ते आधीच्या कुठल्याच वर्षी जमलं नव्हतं. व्रणाच्या वरची बधिर पट्टी मात्र आहे तशीच आहे.

आता तुमचं. व्रणात गाठ लागते का, आणि ती पाळीच्या वेळी जास्त दुखते का? तसं असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा भाग व्रणात रुजलेला असू शकतो. त्याला सुई चालत नाही, गाठ काढावी लागते. पाळी संपल्यावरही काळपट डाग पडत राहत असतील तर गर्भाशयाच्या आतल्या व्रणात खाच राहिलेली असू शकते, त्यासाठी सोनोग्राफी करा. आतले चिकटलेले पडदे सुईनं सोडवतो असं जो सांगेल त्याच्याकडून सरळ उठून या.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, परिषदेकडं नोंदणी असते, ती विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, सुई एकदाच वापरायची. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा तुमचा व्रण फुगून वाढणारा असेल तर आधी सांगा. दिवस गेले असतील तर पोटावर आणि घोट्याजवळ टोचून घेऊ नका.

एक सांगायचं राहिलं. मिरजेच्या सर्जननी त्या कोपऱ्यात भुलीचं इंजेक्शनही दिलं होतं, त्यानंही काही दिवस बरं वाटलं होतं. त्यामुळं सगळं श्रेय सुयांना देता येणार नाही. सिझरच्या व्रणावर मोठे अभ्यास फारसे झालेले नाहीत. उपचारांबद्दल डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं 2021 मध्ये जुनाट दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरचा विचार करावा असं म्हटलंय, पण ते दुसरं कारण न सापडणाऱ्या दुखण्याबद्दल. तरी कारण तपासून झालं असेल तर सुया लावून बघाच.

आणि दवाखान्यात एकट्या जाऊ नका. मी नणंदबाईंना वर्षानुवर्षं समजावून थकले, मिस्टरांनी एकदा "ताई, डॉक्टरांपुढं मी बघितलंय" म्हटल्यावर तो विषय आमच्या घरात बंद झाला. तुमच्याकडं "कसले टाके दुखतात" असं जे कुणी म्हणतं, त्यालाच तपासणीच्या दिवशी सोबत न्या.