जुन्या गाडीला काळी पाटी शोभतेच असं नाही

या वेळी पाच पत्रं एकाच विषयावर आली, क्लासिक गाडीला नंबर प्लेट कुठली लावायची. गाडीवर दोन-दोन वर्षं राबणारी माणसं प्लेट मात्र शेवटच्या आठवड्यात घाईघाईत मागवतात आणि मग चुकतात, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तरं देतोय.

प्रश्न: मी ब्रिटनमध्ये असतो, १९७६ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. काळ्या प्लेटवर चंदेरी अक्षरं लावायचीत, भारी दिसतात. मित्र म्हणतो चुकीचं आहे, प्लेट बनवणारा म्हणतो बिनधास्त लावा. कोणाचं खरं?

उत्तर: दोघांचंही! कायद्यात बसणं आणि त्या काळाला शोभणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८० च्या आधी बनलेली गाडी ‘हिस्टॉरिक’ म्हणजे जुन्या गाड्यांच्या टॅक्स क्लासमध्ये नोंदवलेली असेल तर काळी प्लेट चालते, म्हणजे तुमचा प्लेटवाला खोटं बोलत नाहीये. पण तुमची गाडी शोरूममधून बाहेर पडली तेव्हा तिच्यावर काळी प्लेट नव्हतीच हो. पुढे पांढरी आणि मागे पिवळी अशी चमकणारी प्लेट तिथे १९६८ पासून ऐच्छिक होती आणि १ जानेवारी १९७३ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली, त्यामुळे १९७६ च्या गाडीला खरी शोभणारी प्लेट म्हणजे पांढरी-पिवळीच, आणि मित्राचा मुद्दा हाच असणार. १९६८ ते १९७२ मधली गाडी असती तर दोन्ही बरोबर, तिथे जुना फोटो सापडला तर तोच शेवटचा शब्द.

मला विचाराल तर मी पांढरी-पिवळीच लावेन, फक्त आजच्या प्लेटवरचे झेंडे, निळी पट्टी वगैरे नको. सत्तरच्या दशकातल्या गाडीला काळी प्लेट लावली की ती साठची असल्याचा आव आणते, क्रोमच्या बंपरवाल्या गाडीवर ते एकवेळ खपतं पण तुमच्या काळ्या रबरी बंपरच्या मॉडेलवर लगेच कळतं.

आणि एक, गाडीला चाळीस वर्षं झाली की टॅक्स माफ होतो म्हणून बऱ्याच जणांना वाटतं काळी प्लेटही आपोआप मिळते. पूर्वी काळ्या प्लेटची तारीख खरंच दरवर्षी पुढे सरकत होती, आता १९८० वर थांबवलीय. म्हणजे १९८३ ची गाडी टॅक्समधून सुटेल, काळी प्लेट नाही.

प्रश्न: पन्नाशीच्या दशकातली गाडी रिस्टोअर करतोय. काळी प्लेट लावणार हे नक्की, पण कॅटलॉगमध्ये दाबून उठवलेली, रिव्हेटने एकेक अक्षर बसवलेली, सपाट रंगवलेली असे इतके प्रकार आहेत की डोकं फिरलं. कुठली घेऊ?

उत्तर: कॅटलॉग बाजूला ठेवा आणि गाडीला विचारा. बंपरखाली, डिकीच्या झाकणावर, जुन्या ब्रॅकेटवर भोकं कुठे आहेत, त्यांच्यात अंतर किती, नंबरच्या दिव्याचा उजेड किती रुंदीवर पडतो हे आधी मोजा. मागे चौकोनी जागा असेल तर तिथे दोन ओळींची प्लेटच हवी, लांब पट्टी तिथे बसवली की दोन्ही बाजूंनी कान बाहेर आल्यासारखी दिसते. जुनी प्लेट मोडकी का होईना सापडली तर फेकू नका, तिच्यावरून अक्षराची उंची, जाडी, मधलं अंतर सगळं मिळतं.

प्रकारांचं म्हणाल तर युद्धाआधीच्या गाडीवर हातानं रंगवलेली किंवा ओतीव ॲल्युमिनियमची प्लेट छान दिसते, पन्नास-साठच्या दशकात दाबून उठवलेलं ॲल्युमिनियम आणि रिव्हेटची सुटी अक्षरं दोन्ही चालायचं, तेव्हा तिथे बरोबर-चूक फारसं नाही, आवडेल ते घ्या. चूक होते ती अक्षरात. जुनी ब्रिटिश अक्षरं साधारण ८९ मिलिमीटर उंच, नंतर ७९ ची आली, आणि २००१ मध्ये अक्षरांची रुंदी ५७ वरून ५० मिलिमीटर केली गेली. आता कोणी काळ्या पत्र्यावर हीच आजची अरुंद अक्षरं उठवून देतो आणि ‘व्हिंटेज’ म्हणून विकतो, गाडी ओळखणाऱ्याला ते दहा पावलांवरून खटकतं. ऑर्डर देताना रंग नंतर, आधी अक्षराची उंची-रुंदी विचारा.

काही गाड्यांचं तर आपलंच वेगळं असतं. सुरुवातीच्या जॅग्वार ई-टाइपवर पुढचा नंबर बॉनेटवरच चिकटवलेला असायचा, तिथे पत्र्याची प्लेट लटकवली की त्या नाकाची सगळी मजा गेली. आणि सुरुवातीच्या मिनीची मागची प्लेट बिजागरीवर असायची, डिकीचं झाकण खाली पाडून त्यावर सामान ठेवून गाडी चालवली तरी प्लेट खाली लोंबून नंबर दिसायचा! अशा मिनीला प्लेट स्क्रूने पक्की करून टाकणारे रिस्टोअरर बघितले की वाईट वाटतं.

प्रश्न: माझ्या १९५९ च्या ब्रिटिश गाडीचा मूळ नंबर मधल्या काळात कोणीतरी काढून विकलाय, आता शेवटी वर्षाचं अक्षर, म्हणजे नोंदणीचं वर्ष सांगणारं अक्षर, असलेला नंबर आहे. काळी प्लेट लावली तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, का?

उत्तर: कारण नंबरच चुगली करतोय. शेवटी वर्षाचं अक्षर यायला सुरुवात झाली १९६३ मध्ये ‘ए’ ने, सगळीकडे सक्तीचं झालं १९६५ मध्ये ‘सी’ ला, त्यामुळे १९५९ च्या गाडीवर ते अक्षर कितीही सुंदर रंगवा, मेळ बसत नाही. आपल्या मनानं जुना नंबर बनवून लावू नका, तो गुन्हा आहे. तिथल्या डीव्हीएलए या गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे गाडीचं वय सिद्ध केलं तर वयाला साजेसा, वर्षाचं अक्षर नसलेला नंबर मिळू शकतो, किंवा तसा नंबर विकत घेता येतो. नियम एवढाच की नंबरामुळे गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसता कामा नये, जुनी दिसली तर हरकत नाही.

जाता जाता, ‘ई’ अक्षर फक्त १९६७ च्या जानेवारी ते जुलै एवढंच चाललं, ऑगस्टला ‘एफ’ सुरू झालं. १९६७ ची गाडी घेताना हे लक्षात ठेवा.

प्रश्न: जर्मनीत राहतो, १९७२ ची बीटल आहे. जुन्या गोल वळणाच्या अक्षरांची प्लेट बनवून मिळते, लावू का?

उत्तर: रस्त्यावर नको. तीस वर्षांवरच्या गाड्यांना तिथे नंबराच्या शेवटी ‘एच’ मिळतो, पण प्लेट आजचीच लागते, आजच्याच अक्षरांची. ती अक्षरं जरा वेडीवाकडी दिसतात ती मुद्दाम, काळा रंग फासून एका अक्षराचं दुसरं करता येऊ नये म्हणून. जुन्या वळणाची प्लेट प्रदर्शनात उभी असताना लावा, निघताना काढा.

शेजारचे देश जरा सैल आहेत. नेदरलँड्समध्ये १९७८ च्या आधीच्या गाडीला गडद निळी प्लेट पांढऱ्या अक्षरांसकट लावता येते, फ्रान्समध्ये ‘कलेक्शन’ म्हणून नोंदवलेल्या गाडीला काळी चालते. कॅलिफोर्नियात तर त्या वर्षीची खरीखुरी जुनी प्लेट शोधून आणून आपल्या गाडीवर नोंदवायची सोय आहे, तिथे रंगावरून काळ कळतो, १९५६ ची पिवळ्यावर काळी, १९६३ ची काळ्यावर पिवळी, सत्तरच्या दशकात निळ्यावर पिवळी. हा प्रकार मला सगळ्यात आवडतो कारण त्यात नक्कल नाही. भारतात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका दिली, म्हणजे तिथेही जुनेपणा नंबरात दिसतो.

प्रश्न: नवी प्लेट फार चकाकते. ॲसिड लावून, घासून जुनी करू का?

उत्तर: नका करू. अक्षरं पुसट झाली तर तपासणीत अडकाल हे एक, आणि दुसरं म्हणजे गाडी नवी होती तेव्हा प्लेटही चकाकतच होती. तुम्ही गाडीला पॉलिश मारणार आणि प्लेटला ॲसिड?